हजेरीला दुसऱ्याच्या नावाने ओ देऊ नका

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण सिंगापूरला फिरायला येऊन बोटीवरून स्कूबा डायव्हिंग करायचं मनात असेल, तर एवढं वाचा आणि मगच पैसे भरा.

मी मधुरा. इथे सिंगापुरातच, पासिर रिसला राहते. गेल्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण इरा पुण्याहून आली होती. गोव्यात डायव्हिंग शिकून आल्यापासून बाईसाहेबांच्या अंगात समुद्र शिरला होता. "ताई, चल ना गं!" म्हणून तिने माझं डोकं खाल्लं.

शनिवार होता. भर दुपार. दक्षिणेकडच्या एका बेटाजवळ आमची बोट थांबली. बेटाचं नाव मी सांगणार नाही.

इथलं पाणी फोटोतल्यासारखं निळं नसतं, हे आधी लक्षात घ्या. हिरवं, गढूळ. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. त्यात त्या दिवसांत तपकिरी शेवाळ माणसाच्या उंचीचं वाढतं. पाय अडकला तर झटापट करू नका, शांतपणे सोडवा.

बोटीचे प्रमुख लिम अंकल. त्यांनी प्रत्येक जोडीला एक दोरी दिली. दोन्ही टोकांना फास, एकेकाच्या मनगटात. दोन हिसके म्हणजे वर चला.

"वर आल्यावर मी नावं घेणार," ते म्हणाले. "ज्याचं नाव, त्यानेच बोलायचं. नो फ्रेंड, नो सिस्टर. ओन्ली यू, ओके ला?" शेवटचा 'ला' इथल्या बोलण्याचा.

आम्ही दोघी हसलो.

खाली गेलो. थोड्या वेळाने शेवाळात इरा दिसेनाशी झाली. मी घाबरले. दोरी दोनदा ओढली.

काहीच नाही...

मग पलीकडून दोन हिसके आले.

हुश्श झालं. मी वर निघाले. दोरीला ओढ होती. कोणीतरी माझ्यामागे येत होतं.

शिडीशी मी फास काढला आणि वर चढले. मला बोट लागली. मी कठड्याला धरून ओकत होते, तेवढ्यात मागे शिडी वाजली. ओल्या पावलांचा आवाज झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, काळ्या सूटमधलं कोणीतरी मागच्या बाकावर पाठ करून बसलं.

"इरा?" लिम अंकलनी नाव घेतलं.

आणि मी मान न वळवता ओरडले, "हो, आली आली! शी इज हिअर!"

जन्माची सवय हो! लहानपणी आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आल्यात का गं दोघी?" आणि दोघींच्या वतीने मीच ओ द्यायचे.

बोट निघाली.

मी थर्मासमधला चहा ओतला. "इरे, घे. गारठली असशील."

मी कप मागे धरला.

मी वळले. बाकावर पाण्याचं थारोळं होतं. त्यात शेवाळाची एक काडी. बाकी कोणी नव्हतं.

मी अशी किंचाळले की घसा फाटला. लिम अंकलनी बोट गर्रकन फिरवली. तोंडाने सारखे काहीतरी पुटपुटत होते. मी फक्त देवाला म्हणत होते, माझी इरा दे रे, बाकी काही नको.

ती सापडली. पाण्यावर तरंगत होती. जिवंत! मी तिला वर ओढून घट्ट कवटाळलं आणि हमसून हमसून रडले.

"अगं, झालं काय एवढं?" ती म्हणाली. "शेवाळात माझ्या हातातून दोरी निसटली खरी. पण लगेच तू हात धरलास ना! वर आल्यावरही धरून होतीस. आत्ता बोट दिसली तेव्हाच सोडलास." मग म्हणाली, "ग्लोव्ह कशाला काढलेस पण? बर्फ झाला होता तुझा हात."

मी माझ्या हातांकडे पाहिलं.

ग्लोव्ह अजून हातातच होते.

लिम अंकलनी परत हजेरी घेतली. इराने स्वतः ओ दिली. माझ्याकडे मात्र त्यांनी रागाने नाही, कीव आल्यासारखं पाहिलं. "तू त्याला तिचं नाव दिलंस," एवढंच म्हणाले.

इरा पुण्याला आईकडे परत गेली. मी आईला काही सांगितलं नव्हतं. उगाच तिच्या जिवाला घोर नको.

परवा आईचा फोन आला. आवाजात खुशी मावत नव्हती.

"काय गं लबाडे! न कळवता आलीस आणि लपून बसलीस होय?"

"कोण? मी सिंगापूरलाच आहे आई."

"चल, थापा नको मारू. मघाशी दार वाजलं. मी आतून विचारलं, इरा आली का गं? तर बाहेरच्या खोलीतून तूच नाही का म्हणालीस... हो, आली आली!"

"आई... इरा कुठे आहे?"

"ऑफिसात. यायचीय अजून. तूच सांग आता, खोलीभर पाणी कोणी सांडलंय ते?"

मी तेव्हापासून इराला तासातासाला फोन करतेय. ती चिडते, वैतागते, पण उचलते. ती "बोल ताई" म्हणाली, की मी आधी विचारते, "तूच आहेस ना?"

ती हो म्हणते. पण खरं सांगू, आता त्या 'हो'वरही माझा विश्वास बसत नाही.