दुसऱ्या खेळाडूची जागा

पिशवीचा बंद नेमका त्याच्या दुकानासमोर तुटला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते, तरी सिंदेवाहीच्या बस स्टँडमागच्या गल्लीतलं डिसेंबरचं धुकं उठलं नव्हतं. माझ्या पिशवीतून जुना व्हिडिओ गेम घरंगळला. त्याच्यामागे वायरींचं भेंडोळं, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. एक रिमोट थेट दुकानाच्या पायरीवर जाऊन आपटला. आत वाकून सोल्डरिंग करत बसलेल्या मुलानं मान वर केली.

“हे… हे कुठी भेटलं तुम्हाले?”

हरवलेलं वासरू कुणी दारात आणून उभं करावं, तसे त्याचे डोळे झाले होते.

“घरचंच आहे, भाऊ. भंगारात द्यायला चालली होती.”

“भंगारात? काऊन?”

मी खाली वाकून वायरी गोळा करू लागले. काय सांगणार? की गेल्या महिन्यापासून माझ्या आईला भर दुपारी ट्रंकेतून या गेमचं गाणं ऐकू येतं? नऊ वर्षं बंद पडून असलेल्या गेमचं?

“एकदा तपासू द्या,” तो म्हणाला. “मग द्या खुशाल.”

“तपासा. पण मेलाय म्हणून सांगा. तेवढंच ऐकायचं आहे मले.”

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खोडरबरानं कॅसेटच्या पितळी पट्ट्या घासल्या, फुंकर मारली आणि दुकानातल्या डबा टीव्हीला वायरी जोडून बटण दाबलं.

टिंग टिंग टिडिंग… तेच गाणं. मी दोन पावलं मागे सरले.

“मेला कुठी? मस्त जिवंत आहे,” तो हसत वळला आणि माझा चेहरा पाहून पटकन स्टूल पुढे सरकवलं. “बसा, बसा. एवढ्या घाबरून काऊन राह्यल्या? भूत पाह्यलं काय?”

“अजून नाई पाह्यलं, भाऊ.”

“आधी ते भाऊ बंद करा. आख्खं सिंदेवाही मले भाऊ म्हणते. एक माणूस तरी शिल्लक राहू द्या ना! आदेश नाव आहे.”

मला हसू आलं. किती दिवसांनी… आणि तेही त्या गाण्याच्या आवाजात. हसतानाच मनात आलं, हा गेम घरी खरंच वाजला तर? मग गाणं डब्यातून येईल, आईच्या डोक्यातून नाही. कदाचित तेवढ्यानं ती शांत होईल.

“आमच्या टीव्हीवर लागेल हा? बाबांनी दिवाळीत नवीन आणलाय. पातळ. त्याला या लाल-पिवळ्या पिनांची भोकंच नाहीत.”

आदेशनं एक ड्रॉवर ओढला. आत काडेपेटीएवढ्या दहा-बारा डब्या होत्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनानं लिहिलेलं. *हा चित्र ताणते. हा उशिरा बोलते. हा तापते अन् झोपते.*

“ॲडॅप्टर,” तो म्हणाला. “गेम बनवणाऱ्या कंपनीनं कधी बनवले नाई. हे सगळे बाहेरचे, बिननावाचे. जुन्या गेमचं चित्र अर्ध्यांले समजतच नाई. मी मागवतो, खोलतो, पाह्यतो. कोणाचा स्वभाव कसा ते लिहून ठेवतो.”

“आणि ही? हिच्यावर काहीच नाही.”

“तिच्यात मी दोन पार्ट बदलले.” त्याचे कान लाल झाले. “ती काहीच लपवत नाई. जे आहे ते सगळं दाखवते.”

दुसऱ्या रिमोटची वायर उंदरांनी कुरतडली होती. तो रिमोट दुरुस्तीला त्यानं ठेवून घेतला. “रविवारी घरी येऊन जोडून देतो. गाव कोणतं म्हणाल्या?”

मी गाव सांगितलं. नऊ किलोमीटर, मधला सगळा रस्ता जंगलातून.

“आणि नाव?”

“नीलिमा. इथल्याच धान संशोधन केंद्रात आहे. रोजंदारीवर.”

“म्हणजे दुकानासमोरून रोज जाता?” तो सोल्डरिंग गनकडे पाहत पुटपुटला. “अन् मी खाली मान घालून बसतो… येडाच हाय मी.”

रविवारी दुपारी तो मोटारसायकलवर आला. गावात चिटपाखरू नव्हतं. धान कापून झालेल्या बांध्यांवर ऊन नुसतं पडून होतं. बाबा भद्रावतीकडे कोळसा खाणीत, पंधरा दिवसांनी घरी यायचे. घरात आई आणि मी. आई टीव्हीसमोर चटईवर येऊन बसली, जणू तिला कुणीतरी बोलावलं होतं.

आदेशनं डबी लावली. चित्र उमटलं, एवढं लख्ख, की जुन्या टीव्हीवर आम्ही हेच पाहायचो का, असं वाटलं. निळं आभाळ, विटांचा पूल, लाल टोपीतला माझा खेळाडू. मी नकळत पुढे सरकले… आणि थबकले.

चित्राच्या डाव्या कडेला बोटभर रुंदीची एक पट्टी होती. तिच्यात रंगांचे तुकडे थरथरत होते. आणि त्या तुकड्यांत कुणीतरी उभं होतं. हिरव्या टोपीतलं, लहानसं. हलत नव्हतं. नुसतं आमच्याकडे तोंड करून उभं.

“हे… हे आधी नव्हतं,” मी म्हणाले.

“होतं.” आदेशचाही आवाज उतरला होता. “जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागं लपत. बनवणारे नको ते सारं तिथी सारून देत. तो दुसरा खेळाडू हाय. दुसरं कोणी खेळत नसलं की त्याले तिथी उभं करून ठेवतेत. डबीनं कडा उघड्या केल्या, बस.”

“म्हणजे इतकी वर्षं…”

“रीता,” आई म्हणाली. अगदी हळू, जशी झोपलेल्या लेकराला हाक मारावी. “रीता हाय ते. हिरवी टोपी तिचीच राहे.”

पुढचे चार दिवस आई त्या पट्टीसमोरून फारशी उठली नाही. ताट पुढे ठेवलं तर तसंच राहायचं. मी कामावर निघताना ती बोलत असायची, परतताना बोलत असायची. बुधवारी दारातच ऐकलं, ती म्हणत होती, “थंडी वाजून राह्यली असंन न बाई तुले…” आणि मग गप्प राहून कान देत होती. जितका वेळ उत्तराला लागतो, तितकाच वेळ.

मी आदेशला फोन लावला.

“तुमची डबी घेऊन जा! माझी आई चाललीय माझ्या हातातून!”

“येतो,” तो म्हणाला. गुरुवारी दुपारी दुकान बंद करून आला. मी त्याला अंगणातच अडवलं.

“ती कडा झाकता येते ना?”

“येते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र जरा मोठं केलं की जाते चौकटीबाहेर.”

“मग करा. आई न्हाणीत आहे तोवर करा.”

“त्यांले न विचारता नाई करणार मी.”

“काऊन?” मी ओरडलेच. “तुमचं काय जातं?”

“माझं काय जाते?” त्यानं हेल्मेट उगाच या हातातून त्या हातात घेतलं. “रीता कोण, ते तरी सांगा.”

मग मी बोलले. कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलले. मी पंधराची होते, रीताताई अठराची. एप्रिलची पहाट. दोघींनी मोहफुलं वेचायला जायचं होतं. मी गेम लावून बसले होते. म्हटलं, तू हो पुढं, एवढी लेवल झाली की येते. ती पुढे झाली. लेवल लांबली… मोहाखाली तिची टोपली सापडली, अर्धी भरलेली. वाघ होता. मला काही पाहू दिलं नाही.

“दोघी असतो तर तो आला नसता,” मी म्हणाले. “गावात सगळे म्हणतात, दोघं असले की तो येत नाही.”

आदेशनं हेल्मेट मोटारसायकलच्या आरशाला अडकवलं.

“पंधरा वर्षांची पोरगी गेम खेळते,” तो म्हणाला. “तेच करते ती. दुसरं काय करंन?”

बस, एवढंच. ना खांद्यावर हात, ना ‘विसरून जा’. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी त्या परक्या माणसासमोर हमसून रडले. तो तसाच उभा राहिला, उन्हाकडे पाठ करून. त्याची सावली माझ्यावर पडत होती.

आत आल्यावर तो आईसमोर मांडी घालून बसला. सगळं सांगितलं. कडा म्हणजे काय, दोन बटणांत ती कशी झाकता येते. “झाकू काय, बाई? तुम्ही म्हणसान तसं.”

आईनं पदरानं ओले केस टिपले. मग म्हणाली, “झाक. पण आधी तिले आत घे. लेकराले बाहेर ठेवून दार लावतेत काय कोणी?”

आदेशनं माझ्याकडे पाहिलं. “दुसरा रिमोट दुकानात पडला हाय. खोललेला. त्याच्याशिवाय…”

“मी खेळते,” मी म्हणाले.

पहिला रिमोट हातात घेतला. बटणं अजून तशीच, अंगठ्याला ओळखीची. लाल टोपीवाला चालू लागला. पुलाच्या तोंडाशी मी त्याला थांबवलं. घरात गाणं वाजत होतं, बाहेर एक पान हलत नव्हतं. दारातली कोंबडीसुद्धा निश्चल होती.

“ताई,” मी म्हणाले. “मी येते म्हटलं होतं… आले नाही. चल आता. मी थांबलीय.”

काही झालं नाही. मग पट्टीतले रंगांचे तुकडे एकदम स्थिर झाले. आणि हिरव्या टोपीनं पाऊल उचललं.

आईनं पदर तोंडात धरला. हिरवी टोपी कडेतून आत आली, लाल टोपीच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी चालले, ती चालली. मी उडी मारली, ती मारली. अर्ध्या पुलावर एक फट होती, तिथे मी नेहमी मरायचे. तिथे ती माझ्यापुढे झाली, उडी मारली, पलीकडे थांबली. मी पोचेपर्यंत थांबली. मग दोघी पुलापलीकडच्या फाटकापाशी आलो. माझे अंगठे आपोआप थांबले. ती एकटीच फाटकातून आत गेली.

गाणं संपलं. डावी पट्टी रिकामी होती. नुसते रंगांचे तुकडे थरथरत होते.

आदेश गुडघ्यावर सरकत गेमपाशी गेला. दुसऱ्या रिमोटच्या रिकाम्या भोकावर त्यानं बोट ठेवलं.

“आदेश… हे काय होतं?”

“मले नाई समजून राह्यलं,” तो म्हणाला. “खरंच नाई. खोटं कारण देऊ शकतो, पण देत नाई.”

त्या क्षणी, खरं सांगते, भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी माझ्या छातीत हललं. भूत असो, नसो… हा माणूस मला कधी फसवणार नाही.

आई उठली. पदरानं डोळे पुसून चुलीकडे गेली. “झाक आता ते,” ती आतून म्हणाली. “अन् जेवून जाजो. भात टाकतो.”

चार दिवसांनी आई पोटभर जेवली. आदेशला तर तिनं तीनदा वाढलं.

जेवणं होईतो ऊन कलंडलं. बांध्यांवर धुकं उतरू लागलं आणि गावात बाया लेकरांना घरात बोलावू लागल्या. अंधार पडायच्या आत त्याला जंगल पार करायचं होतं. मी फाटकापर्यंत गेले.

“रस्त्यानं आवाज करत जा. गाणं म्हणा.”

“मले गाणं येत नाई.”

“मग माझ्याशी बोलत जा.”

त्यानं हेल्मेटखाली इयरफोन अडकवले आणि गावाची वेस ओलांडायच्या आतच फोन केला.

“काय बोलू?”

“काहीही. ॲडॅप्टरबद्दल बोला.”

“मागच्या आठवड्यात तुम्ही दुकानासमोरून सातदा गेल्या. सहादा मी मान वर केली. ॲडॅप्टरबद्दल एवढंच.”

“सातव्यांदा काय झालं?”

“गिऱ्हाईक आलं. हाकलूनच देणार होतो त्याले…”

मी हसत होते. त्याच्या आवाजामागं इंजिनाची घरघर, वारा. मग आवाज बदलला, जपून. “नीलिमा, एक सांगू काय? तुमच्यासोबत मले…”

फोन मुका झाला.

नाल्याजवळ नेटवर्क जातं, हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग? समोर झाडांची काळी रेघ. तिच्यातून काही येत नव्हतं, आवाज नाही, दिवा नाही. दूर एकदा भेकर ओरडलं, भुंकल्यासारखं, पुन्हा पुन्हा. भेकर हरिण उगाच ओरडत नाही, वाघाची चाहूल लागल्याशिवाय. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं माझं मनगट धरलं. पाच मिनिटं. दहा. मी मनात त्याच्या रस्त्याचं प्रत्येक वळण चालून आले… पंधरा.

फोन वाजला.

“पोचलो,” तो धापा टाकत म्हणाला. “डांबरी रोडवर हाय. उजेड हाय इथी.”

मी तिथेच मातीत बसले.

“तुम्ही… मघाशी काय म्हणत होता?”

“सगळं म्हणून टाकलं ना. नाल्यापाशी. मोठ्यानं. मग पाह्यतो तं नेटवर्कच नाई.”

“मग आता म्हणा.”

“आता हिंमत नाई. ते जंगलातच येते.”

आई माझ्याकडे पाहत होती. मनगट सोडून ती हळूच घराकडे वळली.

“मग मी म्हणते,” मी म्हणाले. “मी आत्ता पंधरा मिनिटं जी वाट पाहिली ना, तशी मला आयुष्यभर तुझीच पाहायची आहे. पण रोज संध्याकाळी तू घरी यायचं. कबूल?”

पलीकडे इंजिनाची घरघर एकदम थांबली. मला वाटलं, पुन्हा नेटवर्क गेलं.

“कबूल,” तो म्हणाला.