मोरिन्या

दुबईशेजारच्या अजमानमधल्या इमारतीची लिफ्ट उघडली आणि रुपेशच्या छातीशी स्टीलचा डबा आला.

"पंधरा नंबरचे रुपेश तुम्हीच ना? मी गिरिजा, डबेवाली." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आज सहावा दिवस! डबे पोचवणारा आमचा रफिक डबा भरलेलाच परत आणतो. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर घालून देतात. आणि तुम्ही माझीच भाजी मला परत पाठवता?"

"भूक नाही."

"मग बंद करते! खलास!"

"करा!" तोही ओरडला. दीड वर्षापूर्वी बायको गेली, तेव्हापासून राग तेवढा त्याला पोटभर मिळत होता.

लिफ्ट दोघांना न घेताच निघून गेली.

"आजारी आहात का...?" तिचा आवाज उतरला.

"आमचा फोरमन म्हणतो, मला मोरिन्या झालाय. तो स्पेनमधल्या गॅलिसियाचा. त्यांच्या भाषेत मोरिन्या म्हणजे घराच्या ओढीनं झुरणं. साइटवर सगळ्यांना सांगत सुटलाय, किती सुंदर शब्द! मी विचारलं, आला कुठून? तर म्हणे, गुरांच्या एका रोगालाही हेच नाव. जनावर खंगत जातं. काही जण त्याचं मूळ त्यांच्या 'मरणे' या शब्दात शोधतात. मग सुंदर काय त्यात? माझी बायको गेली, आणि हे शब्द चघळत बसलेत!"

गिरिजा जिन्याच्या पायरीवर बसली. डबा उघडला. वालाच्या बिरड्याचा वास पसरला.

"आमची गाय खायची थांबली की बाबा तिच्यापुढे बसायचे. हातानं भरवायचे." तिनं भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला. "यल्ला, चला, बसा."

"मी काय गाय आहे?"

"गाय शहाणी असते."

त्याला हसू आलं... आणि हसू आलं याचाही राग आला. तरी तो बसला. पहिल्या घासाला डोळे भरले. तिनं पाहिलं, आणि स्वतःच म्हणाली, "बिरडं जरा तिखटच झालंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"अहो, डब्यात काठोकाठ साखर! मी चिमूटभर म्हटलं होतं."

"सहा दिवसांची राहिली होती ना."

"राग गेला म्हणायचा."

"नाही गेला. आज डबा घेऊन रफिक का आला? तुम्ही का नाही आलात?"



"उद्या येते," ती म्हणाली. "भाकऱ्या दोघांच्या आणते..."