निकाल लागेपर्यंत

शाळेच्या कुंपणाशी एक तरुण गुडघ्यांवर बसून भिंतीच्या पायाशी काहीतरी बघत होता. ती फाटकातून आत शिरत होती, तर त्यानं मान वर न करताच टेपचं टोक तिच्यापुढे केलं.

“जरा धरता का? कोपऱ्याला... हां, अस्संच.”

तिनं धरलं. भूगोल शिकवणाऱ्या बाईला मोजमापाचं वावडं नव्हतं. अर्धा तास ती त्याच्यासोबत भिंतीभोवती फिरली. कपाळावर आलेले केस तो मनगटानं मागे सारायचा... ते तिनं उगीचच तीनदा पाहिलं.

“भिंत दुरुस्त करायची आहे का?” शेवटी तिनं विचारलं.

“नाही, मी नगरपालिकेचा सर्व्हेअर. शेजाऱ्यांची तक्रार आहे. हा भाग राहण्यासाठी राखलेला. परवानगी फक्त चौथीपर्यंतच्या वर्गांना, आणि इथं दहावीपर्यंत शाळा भरते.” तो हसला. “तुम्ही कोण?”

“मी... त्याच शाळेतली.”

त्याचं हसू जिथल्या तिथे विरलं.

शाळा तिच्या मावशीनं काढलेली. मावशीच मुख्याध्यापिका. ऐकून तिनं कपाळावर हात मारला. “आपल्याच मुळावर उठलीस की गं! वर टेपही धरलीस!”

मग सुनावण्या सुरू झाल्या. दर मंगळवारी ती मावशीसोबत नगरपालिकेत जायची. टेबलाच्या पलीकडे तो, अलीकडे ती, आणि मध्ये नकाशा.

“मैदान किती लांब?” तो विचारायचा.

“मोजा की. तुम्हालाच हौस!”

तो खाली बघून हसू दाबायचा. पण एकदा व्हरांड्यात तिनं गाठलंच, तेव्हा तो एक पाऊल मागे सरला. “प्रकरण माझ्याकडे आहे तोवर आपण असं बोलणं बरं नाही. उद्या कुणी म्हणेल...”

“काय म्हणेल?”

“जे खरं आहे तेच,” तो पुटपुटला आणि आत गेला.

ते चार शब्द तिला पुढचे कितीतरी महिने पुरले. वर्गात नद्या शिकवताना मध्येच ती खिडकीबाहेर बघत राहायची. कागद द्यायच्या निमित्तानं कचेरीत जायची, काचेपलीकडे त्याची वाकलेली मान दिसली की परत फिरायची. सुनावणीबाहेर भेट नाही, बोलणं नाही. नुसता जीव टांगणीला.

मावशीच्या नजरेतून हे सुटलं नाही. “तो तुझ्याकडे बघतो. सांग ना त्याला, अहवालात चार ओळी आपल्या बाजूनं घाल म्हणावं. दोनशे मुलांचा प्रश्न आहे.”

मुलं तिचीही होती.

“मी सांगितलं तर कदाचित घालतीलही, मावशी,” ती म्हणाली. “पण मग... मला ते कधीच आवडणार नाहीत.”

अहवाल सरळ आला आणि निकालही तसाच लागला. चौथीपर्यंतची शाळा इथंच राहील, वरच्या वर्गांनी वर्षभरात दुसरी जागा घ्यावी. मावशी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मावशीनंच निकालाची प्रत आणायला तिला धाडलं.

प्रत घेऊन ती जिना उतरू लागली, तोच मागून धावत पावलं आली.

“रागावलात?”

“खूप.” तिचे डोळे भरून आले. “आणि तुम्ही दुसरं काही लिहिलं असतं, तर याहून जास्त रागावले असते.”

तो कठड्याला धरून उभा राहिला. “या जिन्याला सव्वीस पायऱ्या आहेत. तुम्ही निघालात की मी आत बसून मोजायचो. मध्येच पावलं थांबली की वाटायचं... परत येताय.”

“मी त्यासाठीच थांबायचे,” ती म्हणाली.

खाली कुणीतरी शिक्के मारत होतं.

“शाळेचं सामान हलवायला मी आलो तर चालेल? रविवारी मोकळा असतो.”

“कुठल्या नात्यानं?”

“ते नातं... मागायचंच आहे. अर्ज कुणाकडे करायचा?”

“मावशीकडे. ती आधी चांगली झाडेल.”

“आणि मंजुरी?”

तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

“ती... केव्हाच झाली आहे.”