जोडसायकलची मागची सीट

उद्या तुम्ही पोरं भूषणगड बघून तळ्याच्या कडेने सायकली हाणत औंधला जाणार म्हणताय ना? मग हे ऐकून जा. मध्ये कोणी हसायचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो धनाजी दर दसऱ्याला माझ्या घरी सोनं द्यायला येतो, आणि त्यानं एक शब्द वाढवून सांगितल्याचं मला आजवर आठवत नाही. त्या पट्ट्यात तळी दोन-चार आहेत. त्यातलं कुठलं, ते मात्र विचारू नका. तिथं माणसं नांदतात.

धनाजी माधवनगरचा. बाप सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली तसं त्यानं सायकलचं दुकान घातलं, ते आता धनाजी चालवतो. त्याचा जिवाभावाचा मित्र लालासाहेब. एका बाकावर शिकलेले. लालासाहेब फौजेत गेला, सुभेदार झाला, आणि सीमेवर एका स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. घरी परत आला तो खोलीच धरून बसला. बायको बोलायची तर बोलायचा नाही, जेवण ठेवलं तर तसंच राहायचं.

मग धनाजीनं काय केलं, दोन जुन्या सायकली कापल्या, वेल्डिंग केलं आणि एकच लांबडी सायकल बनवली. दोन सीटा, पायडलच्या दोन जोड्या, साखळीनं एकमेकींना बांधलेल्या. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरलेच पाहिजेत. गावानं तिला जोडसायकल नाव दिलं. पुढचा हँडल वळवणार, ब्रेक मारणार. मागच्याच्या हँडलला फक्त घंटी. लालासाहेब नीट बसला की घंटी वाजवायचा, टिंग, आणि धनाजी निघायचा. एवढाच त्यांचा ठराव.

त्या सायकलनं लालासाहेबाला माणसात आणलं. औदुंबर झालं, दंडोबाचा डोंगर झाला, मायणीचं तळं झालं. किल्ल्यावर गेला की तो तटाच्या दगडावर हात फिरवत चालायचा आणि सांगायचा, "धना, हितला चुना नवा हाय बघ." तळ्यावर गेला की कान देऊन उभा. आणि सायकलवर अखंड बडबड. धनाजी म्हणायचा, मागं रेडिओ बसवलाय.

तर गोष्ट दोन वर्षांमागची. मार्गशीर्षातली वद्य चतुर्दशी, शनिवार. लालासाहेबाची बहीण मनुबाई औंधला दिलेली. तिची लेक पोलिसात भरती झाली, म्हणून मामानं यमाईची ओटी कबूल केलेली. आदल्या रात्री विट्याला मुक्काम करून दोघं सकाळी निघाले. मायणीला तळ्यावर न्याहारी केली, दुपार कलल्यावर भूषणगडाला पोचले. गड चढून हरणाईचं दर्शन घेतलं. लालासाहेब काही तिथून हलेना. बुरुजाचा एकेक दगड चाचपत बसला. खाली उतरले तेव्हा सूर्य टेकला होता.

पायथ्याला धोंडुबाई नावाच्या म्हातारीचं चहाचं खोपटं. चहा ओतता ओतता तिनं विचारलं, "कुनीकडनं जानार?"

"तळ्याच्या बांधावरनं. जवळ पडतंय," धनाजी म्हणाला.

म्हातारीनं जोडसायकलकडं बघितलं. "मागची शीट मोकळी न्हाई न्हवं?"

"आवं मावशी, मी काय हवा हाय व्हय? मी बसतोय की तिच्यावर," लालासाहेब हसला.

"मग बसूनच ऱ्हावा. बांधावर उतरू नगा." आणि ती कपबशा विसळायला लागली.

तेवढ्यात एक मोटारसायकलवाला तळ्याच्या रस्त्याला लागला. एकटाच होता. त्याच्या मागच्या सीटला दोरीनं चांगला मोठा धोंडा बांधलेला. धनाजीनं लालासाहेबाला ते सांगितलं. दोघांनी त्यावर बरीच थट्टा केली.

बांधावर पोचेपर्यंत अंधार पडला. डाव्या हाताला पाणी, उजवीकडं बाभळी, मध्ये मुरमाचा रस्ता. थंडी झोंबायला लागली होती. सायकलच्या दिव्याचा पुढं एवढासा पट्टा. मनुबाईचे दोन फोन येऊन गेलेले, कुठंवर आलाय म्हणून. धनाजी कावला होता.

आणि मागनं लालासाहेब म्हणाला, "थांब रं. बदकं बोलत्यात. ऐकू दे जरा."

"आता न्हाई."

"दोन मिनिटं. लघवीला पण लागलीय."

"लाला, अंधार किती झालाय! वाट दिसंना मला."

"एवढी काय घाई? मी ऐकतोय की, रस्ता सरळ हाय."

तेव्हा धनाजी जे बोलून गेला ते त्यानं मला सांगताना खाली मान घातली होती. तो म्हणाला, "तुला काय! तुला दिवस असला काय आन् रात असली काय!"

मागची बडबड बंद झाली.

धनाजीनं ब्रेक दाबला. लालासाहेब मुकाट्यानं उतरला. घडीची काठी उघडल्याचा आवाज आला, मग बुटाखाली मुरूम वाजला, आणि तो बाभळीकडं गेला. धनाजी एक पाय टेकून तसाच सायकलवर बसून राहिला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच लागलं होतं. मागं वळून बघायची लाज वाटत होती.

पाण्यावर बदकं कलकलत होती.

मग ती एकदम गप्प झाली.

सायकल मागं किंचित दबली. पायडल अर्धा वेढा फिरून जागेवर आलं. आणि घंटी वाजली. टिंग.

धनाजी निघाला.

सायकल कशी हलकी चालली होती! समोर वारा, वर चढ, आणि पायाला जोरच लागत नव्हता. मागून पायडल असं रेटत होतं की धनाजीला वाटलं, रागानं हाणतोय गडी. हाणू दे. राग तरी निघंल.

थोडं अंतर गेल्यावर त्यानंच तोंड उघडलं. "लाला, चुकलो रं."

मागून उत्तर नाही.

"जीभ घसरली गड्या. दिवसभर दमलोय. तू मनाला लावून घिऊ नको."

नाही. नुसतं साखळीचं कुरकुरणं.

"औंधात गेल्यावर दोन शिव्या घाल. पर आसा गप नको बसू..."

आणि पायडल आणखी जोरात फिरायला लागलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मनुबाई असणार, म्हणून त्यानं एका हातानं काढला. बघितला.

पडद्यावर नाव होतं, लाला.

धनाजीला हसू आलं. म्हणाला, "आरं, मागं बसून फोन कशाला करतोस?"

फोन वाजत राहिला. धनाजीनं कानाला लावला. आधी वारा ऐकू आला. मग बदकं. आणि मग लालासाहेबाचा आवाज, घुश्श्यातला.

"धना, ही कसली चेष्टा? आंधळ्याला बांधावर सोडून गेलास व्हय?"

धनाजीनं फोन कानाला घट्ट दाबला.

"धना? आयकतोयस न्हवं?"

पायडल फिरत होतं. धनाजीनं पाय उचलून घेतले होते, दोन्ही, हवेत धरले होते. तरी फिरत होतं.

"...लाला," तो कसाबसा म्हणाला, "तू कुठं हाईस?"

"उतरलो तितंच. बाभळीपाशी. दुसरीकडं कुठं जानार?"

मागं वळून बघावं की नाही? धनाजी सांगतो, मानच वळेना. मानेवर थंड काही नाही, श्वास नाही, काही नाही. नुसतं कळत होतं की मागं कोणीतरी बसलंय. आणि त्याला लय मजा येतेय.

त्यानं फोन कान आणि खांद्यात दाबून दोन्ही ब्रेक दाबले. सायकल फरपटत थांबली.

पायडल थांबलं. मागची सीट किंचित वर आली.

धनाजीनं वळून बघितलं. कोणी नव्हतं. रस्ता, बाभळी, पाणी...

त्यानं सायकल फिरवली. फोन चालूच होता. आता तीच सायकल एवढी जड झाली होती की उतार असून मांड्या भरून आल्या. तो ओरडला, "लाला, हितनं हलू नको. मी येतोय."

"ये." आणि मग लालासाहेबाचा आवाज एकदम निवळला. "आरं, आलास की! लय लवकर आलास."

धनाजीला पुढं दिव्याच्या पट्ट्यात नुसता मुरूम दिसत होता.

"लाला... मी अजून लांब हाय."

पलीकडं नुसता वारा. बदकं बंद.

"लाला?"

"मग..." लालासाहेब हळू म्हणाला. "मग माझी बोटं कुनी धरल्यात?"

"सोड! सोडव हात!"

फोनात मुरूम वाजत होता. पावलं. सावकाश, काठी न आपटता टाकलेली पावलं. मग मुरमाचा आवाज बदलला. चिखल.

"लाला, थांब!"

"...हितनं वाट चांगली हाय, धना." आवाज झोपेत बोलल्यासारखा. "ठेच लागत न्हाई."

आणि मग पाणी. डुबुक. डुबुक.

धनाजी किंचाळला. काय किंचाळावं हे त्याला सुचलं नव्हतं. तोंडातून आपोआप तेच आलं, जे शाळेत एन.सी.सी.च्या मैदानावर दोघांनी मिळून ऐकलं होतं. "लालासाहेब! बैठ जाव! जमीन पे बैठ जाव!"

पलीकडचा फोन बंद पडला.

तो कसा पोचला, कुठं पडला, त्याला सांगता येत नाही. गुडघा फुटलेला होता एवढं खरं. सायकल रस्त्यात टाकून तो उतारावरून धावत गेला. मोबाइलच्या उजेडात आधी काठी दिसली, घडी घातलेली, काठावर नीट ठेवलेली. मग लालासाहेब दिसला. पाण्यात बसला होता. मांडी घालून, ताठ, छातीपर्यंत पाणी. डावा हात जवळ, उजवा हात पुढं, खोल पाण्याकडं लांबवलेला. त्या हाताची दोन बोटं सरळ होती, बाकीची मिटलेली.

धनाजीनं त्याला काखेत हात घालून मागं ओढलं. लालासाहेब यायला तयार होता, पण उजवा हात काही लगेच मागं येईना. धनाजीनं नेट लावला. मग आला.

त्या रात्री दोघं सायकलला शिवले नाहीत. कुडकुडत, एकमेकांच्या कमरेला हात घालून चालत जवळच्या वस्तीवर गेले. दार उघडणाऱ्यानं ओले कपडे बघितले. घोंगडी दिली, चूल पेटवली. फक्त एकदा म्हणाला, "बांधावर उतारलासा व्हय?" आणि बायकोकडं बघून चुलीत लाकूड सारायला लागला. धनाजीनं खोदून विचारलं, तिथं कोण मेलंय, कधी मेलंय. तो म्हणाला, "ते कुनालाच ठावं न्हाई. आमच्या आज्ज्यापासनं मागं धोंडा बांधत्यात, म्हनून आमी बांधतो."

चुलीपाशी लालासाहेब बराच वेळ आपली बोटं चोळत होता. धनाजीनं त्याचे पाय धरले. म्हणाला, "माज्या त्या बोलण्यानं झालं हे."

"न्हाई रं." लालासाहेब म्हणाला, "तुला एक सांगतो, कुनाला सांगू नको. डोळं गेल्यापासनं मी येवढा निर्धास्त कवाच चाललो न्हवतो. भ्याच वाटलं न्हाई मला. त्येचंच आता भ्या वाटतंय."

धनाजी रात्रभर त्याचा हात धरून बसला.

सकाळी मनुबाईच्या घरून टेम्पो आला. उन्हं वर आली होती, बांधावर गुरं चरत होती, तळ्यात बदकं मजेत पोहत होती. सायकल रस्त्यात टाकली तिथंच आडवी. लालासाहेब टेम्पोतच बसून राहिला. धनाजीनं सायकल उभी केली आणि तिथंच थबकला.

लालासाहेब सहा फुटी गडी. त्याच्या लांब पायांना पुरावी म्हणून मागच्या सीटची दांडी होती तेवढी वर काढलेली असायची. ती पार खाली उतरवलेली होती. फ्रेमला टेकेपर्यंत. आठ-नऊ वर्षांच्या पोराचे पाय पायडलला पुरावेत, एवढी खाली.

पाना धनाजीच्या कमरेच्या पिशवीत होता आणि ती पिशवी रात्रभर त्याच्या अंगावर होती. त्यानं पाना काढून नटाला लावला.

नट कच्चून आवळलेला होता.