खळ्यावरचा एक जास्त

या, असे स्टोव्हजवळ सरकून बसा. ती खुर्ची करकरते, पण मोडायची नाही. कॉफी आत्ताच ओतून घ्या, कारण मधे कुणी उठलं की माझा सूर तुटतो, आणि ही गोष्ट मला एका दमात सांगायची आहे. गोष्ट एका मोजणीची आहे. पक्ष्यांच्या मोजणीत ऐकण्यासारखं काय असणार, असं तुम्हांला वाटेल. वाटू द्या. चर्चमध्ये उभं राहून हे सांगायचं धैर्य मला सहा वर्षांत झालं नाही, म्हणून आज घरात सांगते आहे.

आमच्या कुरणाच्या मागे, कुंपण संपतं तिथे, सेज नावाच्या राखी रानझुडपांत दोनेक एकरांचा उघडा तुकडा आहे. गवत नाही, झुडूप नाही, मळणीच्या खळ्यासारखी चोपलेली जमीन. आम्ही त्याला खळंच म्हणतो. वसंतात सेजकोंबडे तिथे नाचायला उतरतात. उजाडायच्या आधी येतात, छातीच्या पांढऱ्या पिसांतल्या दोन पिवळ्या पिशव्या फुगवतात, शेपटीचा काटेरी पंखा उभारतात आणि पाण्यात दगड पडावा तसा आवाज काढतात, ब्लुप-ब्लुप. कोंबड्या कडेकडेने फिरतात आणि हवा तो निवडतात. बहुतेक साऱ्याजणी एकालाच निवडतात. बाकीचे महिनाभर नाचून तसेच परत जातात. लहानपणापासून हे बघते आहे. त्या बाकीच्यांची मला नेहमी दया यायची.

वन्यजीव खात्यासाठी ही मोजणी वेल्डन आणि मी, ही गोष्ट घडली तोवर, एकोणीस वर्षं करत होतो. वेल्डन म्हणजे माझा नवरा. एप्रिलात चार सकाळी, आठवड्याच्या अंतराने. अंधारातच पिकअप खळ्याच्या कडेला लावायची, दिवे बंद, इंजिन बंद. तो दुर्बिणीतून नर मोजणार, मी तक्त्यात लिहिणार. दहा-दहा मिनिटांनी तीनदा मोजायचं आणि तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. असं का, म्हणून मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. वेल्डन म्हणाला, "झुडपामागे दडलेला पक्षी मोजायचा राहू शकतो. नसलेला पक्षी कसा मोजला जाईल?" आणि दुसरा नियम असा, की शेवटचा पक्षी आपणहून उठेपर्यंत गाडीचं दार उघडायचं नाही.

माझा वेल्डन वर्षभर माझ्यापेक्षा गुरांशी जास्त बोलतो. पण त्या चार सकाळी तो बोलायचा. हळू आवाजात, काच पुसत, आईबद्दल, लहानपणच्या घोड्याबद्दल. थर्मासचं झाकण एकच, त्यातूनच दोघांनी आळीपाळीने कॉफी प्यायची. देवाने मला मूलबाळ दिलं नाही, पण त्या चार सकाळी दिल्या होत्या, आणि मी त्यांबद्दल त्याचे आभार मानत असे.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत माझी धाकटी बहीण ज्युनेल रीनो शहराहून परत आली. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. लग्न मोडलं होतं, हातात दोन बॅगा. मी तिला मनापासून जवळ घेतलं, हे खरं मानून चाला. तिच्यासाठी वरची खोली झाडली, रजई उन्हात घातली, दर रविवारी शेजारी बसवून चर्चमध्ये नेलं. आमचे पास्टर प्रॉसर तेव्हा होते. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात पोचायचं. आवाज चढत चढत अशा ठिकाणी जायचा, की बाकावरच्या माणसांना आपण कधी रडायला लागलो ते कळायचं नाही. आणि मग सगळ्यांनी मिळून भजन. ज्युनेलचा आवाज गोड, पण एक खोड जन्माची. प्रत्येक ओळ ती अर्धी मात्रा आधी उचलायची. मी तिचा हात दाबायची. "देवाला घाई नाही, तुला कसली गं?"

"तो पुढे निघून गेलेला असतो, आर्डी," ती कुजबुजायची. "मी गाठते आहे त्याला."

माझ्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. ऑपरेशन शरदात ठरलं होतं. तोवर मला जग वाफ धरलेल्या काचेपलीकडून दिसत होतं. म्हणून पहिल्या मोजणीच्या सकाळी वेल्डन सहज म्हणाला, "आर्डिथ, तू मधे सरक. ज्युनेलला खिडकी दे. तिची नजर चांगली आहे."

मी सरकले.

वेल्डनने बावीस मोजले. ज्युनेलने तेवीस.

"कुठे गं?" त्याने विचारलं.

"तो काय, गुरांच्या चाटायच्या मिठाच्या ठोकळ्यापलीकडे. नाचत नाही. नुसता उभा आहे."

वेल्डनने दुर्बीण फिरवली. त्याला ठोकळा दिसला, पक्षी दिसला नाही. तो हसला आणि मला म्हणाला, "तेवीस लिही. मोठा आकडा." एकोणीस वर्षांत, डोळे चांगले होते तेव्हाही, त्याने मला एकदासुद्धा विचारलं नव्हतं की तुला किती दिसले. मग त्याने थर्मासचं झाकण भरलं आणि माझ्या नाकासमोरून पलीकडे तिच्या हातात दिलं.

त्या रविवारी पास्टर प्रॉसरनी हरवलेल्या मेंढराचं आख्यान लावलं. नव्याण्णव कळपात सोडून एकाच्या शोधात निघालेला धनगर. रात्र, काटे, त्याच्या हाका. त्या हाका पास्टरनी अशा गायल्या, की आमच्या मागच्या बाकावरचा मेंढपाळ उठून बाहेर गेला. मी मात्र कोरडी बसून होते. माझ्या मनात भलतंच चाललं होतं. एक कमी पडलं तर काय करायचं ते पास्टर गाऊन सांगत होते. एक जास्त निघालं तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या मोजणीच्या सकाळी ज्युनेल म्हणाली, तो ठोकळ्याच्या अलीकडे आला आहे. छाती पांढरी आहे, पण फुगवत नाही. बाकीचे नाचताना गिरकी घेतात, हा एकदाही पाठ करत नाही. तोंड सारखं गाडीकडे. वेल्डनला मजा वाटत होती. तो तिला चिडवत होता, "तुला बघूनच आला असेल. रीनोचा असेल." ती हसली, तोही हसला. मी मधे बसून तक्त्यात तेवीस लिहिले. पेन्सिलचं टोक मोडलं.

वेल्डन घरात एवढा हसत नसे.

तिसऱ्या सकाळी ती हसली नाही. थंडी खूप होती, खळ्यावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. तिला कापरं भरलं, तेव्हा वेल्डनने आपलं मेंढीच्या अस्तराचं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर घातलं. ते जाकीट मी त्याला लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला शिवून दिलं होतं. मी जाकिटाकडे बघत राहिले, म्हणून मला तिचा चेहरा दिसला नाही. तिचा आवाज तेवढा ऐकू आला.

"आर्डी, मला वाटतं, तो मला मोजतो आहे."

संध्याकाळी भांडी विसळताना ती मला म्हणाली की चौथ्या खेपेला मी येत नाही. खरं तर मला हेच हवं होतं. चौथी सकाळ परत माझी झाली असती. पण जेवताना वेल्डनने ते ऐकलं आणि काटा खाली ठेवला. "मग जाऊन करायचं काय? आर्डिथला समोर उभी गाय दिसत नाही." गमतीने म्हणाला तो. ज्युनेलने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती. ती म्हणाली, "येते मी. आर्डीसाठी."

तिने राग धरला असता तर मी सोसला असता. ती दया मला सोसवली नाही.

चौथ्या मोजणीच्या पहाटे पहिलवेताची एक कालवड अडली. वेल्डन कोपरापर्यंत बाह्या सारून गोठ्यात गुंतला. तिथूनच ओरडला, "तुम्ही दोघी जा. आकडा ज्युनेल सांगेल."

मी गाडी चालवली, ओळखीच्या वाटेवर, हळू. ती खिडकीशी, अंगात वेल्डनचं जाकीट. खळ्याशी पोचल्यावर तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "तू मोज. मी बघत नाही."

मला पांढरे ठिपके दिसत होते. तीनदा मोजले. बावीस, एकवीस, बावीस.

"तेवीस," ती डोळे न उघडता म्हणाली.

सूर्य वर आला. वरून गरुडाची सावली गेली आणि अख्खा थवा एकदम उठला. पंखांचा आवाज लांब गेला, मग शांत झालं. आता एकच काम राहिलं होतं. पक्षी गेल्यावर खळ्यावर पडलेली पिसं गोळा करून पाकिटात घालायची. खात्याने त्या वर्षी शेवटच्या मोजणीसाठी तशी पाकिटं दिली होती. मला तर जमिनीवरचं पीस दिसलं नसतं.

ज्युनेलने पाकीट हातात घेतलं. डोळे अजून मिटलेलेच.

"आर्डी, तो गेला का? तू सांग. तू सांगितलंस तर उतरते."

मी काचेतून पाहिलं.

डोंगर धुरकट होते. झुडपं धुरकट होती. मिठाचा ठोकळा म्हणजे नुसता पांढरा डाग. आणि गाडीपासून तीस पावलांवर तो उभा होता. तेवढाच स्वच्छ. मला त्याचं एकेक पीस दिसत होतं. पायावरची लव दिसत होती. त्याची नजर तिच्यावर होती, माझ्यावर नव्हे.

तिथेसुद्धा माझ्यावर नव्हे.

मी म्हटलं, "सगळे गेले. उतर."

तिने दार उघडलं.

मी मान खाली घालून तक्त्यात तारीख लिहायला घेतली. गोठलेल्या दहिवरावर तिचे बूट वाजत होते, करकर, करकर. मी ऐकत होते. तीस पावलं झाली आणि आवाज थांबला.

मी तारीख पुरी केली, खोडली, पुन्हा लिहिली.

मग पावलं परत आली. दार उघडलं, ती आत बसली, तिने दार लावून घेतलं. पाकिटात एक पीस होतं.

"दिसलं का काही?" मी विचारलं.

"काय दिसायचं?" ती म्हणाली.

काचेबाहेर पांढऱ्यावर तिचे जातानाचे ठसे काळ्या डागांसारखे दिसत होते. येतानाचे मी शोधले नाहीत.

घरी वेल्डनने हात पुसत आकडा विचारला. "बावीस," ज्युनेल म्हणाली. "तुझा तेविसावा कुठे पळाला गं?" म्हणून तो हसला. ती हसली नाही. तिने जाकीट खुंटीला अडकवलं आणि पुन्हा कधी अंगात घातलं नाही. कॉफी आधी मला ओतली, मग त्याला. दोन दिवसांनी म्हणाली, गावात खोली बघते, तुमच्या दोघांत माझी अडचण नको. माझ्या मनात जे जे होतं, ते ते तिने एकेक करून माझ्या पुढ्यात ठेवलं.

रविवारी ती माझ्या शेजारी बसली. भजन सुरू होताना सवयीने माझा हात तिच्या हाताकडे गेला. पण गरज पडली नाही. तिने ओळ बरोबर मात्रेवर उचलली. पहिली, दुसरी, शेवटपर्यंत. पास्टर प्रॉसर बाहेर पडताना तिला म्हणाले, "आज फार नेटकं गायलीस." ती म्हणाली, "हो का?" तिचा हात माझ्या हाताखाली होता. कोरडा, हलका.

त्या शरदात माझं ऑपरेशन झालं. आता मला कुंपणावरची तारसुद्धा मोजता येते. ज्युनेल गावात पशुखाद्याच्या दुकानात काम करते. सगळे तिला नावाजतात. नावाने हाक मारली तर वळून बघायला तिला थोडा वेळ लागतो, एवढंच. दर एप्रिलला ती मोजणीला येते आणि न सांगता मधे बसते. खिडकी मला देते.

या वर्षी वेल्डनने एकोणीस मोजले. तिनेही एकोणीस. मी वीस लिहिले. वेल्डन आता वाद घालत नाही. मोठा आकडा धरायचा हा नियम त्यानेच मला शिकवला. मी दरवर्षी एक जास्त लिहिते. खळ्यावर राहिली ती खात्याच्या कागदांत तरी मोजलेली राहावी, यापलीकडे माझ्या हातात काही नाही. तिसरी मोजणी संपली की मी काच बोटभर खाली करते. खळ्यावर एकोणीस गळे एका ठेक्यात वाजत असतात, ब्लुप-ब्लुप, ब्लुप-ब्लुप. आणि मिठाच्या ठोकळ्याच्या बाजूने एक आवाज येतो, दर वेळी अर्धी मात्रा आधी.

तेव्हा माझ्या शेजारची खळ्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघते.

पास्टर प्रॉसर गेले. त्यांच्या पायाशी बसून हे सांगायचं होतं, ते राहिलं. म्हणून तुमच्याशी बोलले. माझ्यासाठी काही मागू नका. माझा हिशेब ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे आहे. पण आज निजताना ज्युनेलचं नाव घ्या. दुकानातल्या तिच्यासाठी नव्हे, तिचं बरं चाललं आहे. जी बाहेर दहिवरात उभी आहे, तिची आठवण ठेवा. आणि रविवारी भजनात कुणी तुमच्या आधी ओळ उचलली, तर त्याचा हात दाबू नका.