लवकर घरी याजा

चिचटोल्याचा भोंगा बंद पडला, तेव्हा तक्रार गेली ती गोंडपिपरीला अश्वजितकडे. दुसरीकडे जाणार तरी कुठे म्हणा! त्या पट्ट्यातल्या जंगलकाठच्या गावांचे कॅमेरे, भोंगे, वायरी, पेट्या सगळं एकटा तोच बघायचा. ठेकेदार बसलेला नागपूरला. त्याला फोन लावला की तो म्हणायचा, अश्वजितला विचारा.

काम तसं साधं. गावाच्या कडेनं झाडांवर कॅमेरे बांधलेले. वाघ समोरून गेला की कॅमेरा राउटरला कळवायचा आणि राउटर देवळावरच्या भोंग्याला. भोंगा वाजला की गाव घरात. त्यात मोहफुलांचे दिवस. बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात शिरायच्या आणि झाडाखाली वाकून फुलं वेचायच्या. वाकलेली बाई वाघाला जनावरच वाटते. पोलीस पाटील बापूराव फोनवर म्हणाले, बाया कोणाचं ऐकत नाहीत, उद्या पहाटे जाणारच आहेत, तू आजच ये बाबा.

अश्वजितनं जेवण उरकलं, बॅग गाडीला अडकवली आणि भर उन्हात निघाला. आई, बायनाबाई, दारातून ओरडली की दुपट्टा तरी बांध डोक्याला. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नेहमीचंच काम, तासाभराचा खेळ, अंधाराच्या आत परत, असा त्याचा हिशेब होता.

राउटर होता हेमराजच्या घरी. गावात पक्की भिंत आणि छतावर सोलर एवढं त्याच्याकडेच होतं, म्हणून पेटी तिथे बसवली आणि तिची देखभालही त्याच्याच गळ्यात पडली. माणूस मोठा हौशी. कॅमेऱ्यांना त्यानं जागेवरून नावं दिली होती, नाला, तलाव, मसणवट, आणि नेटवर्कला दिलं होतं चक्क स्वतःचं नाव. अश्वजितनं तेव्हा त्याची टर उडवली होती, की निवडणुकीला उभा राहतोस का काय! हेमराज हसून म्हणाला होता, जंगलातल्या जनावरालेबी समजू दे का हे गाव कोनाचं आहे.

तो हेमराज हिवाळ्याच्या शेवटी गेला. माकडांनी नाल्यावरचा कॅमेरा आभाळाकडे फिरवून ठेवला होता, तो सरळ करायला गेला आणि वाघानं त्याला तिथूनच नेलं. ज्या कॅमेऱ्यानं ओरडायचं, तोच आभाळ बघत बसलेला! नंतर चप्पल सापडली, दुपट्टा सापडला, आणि घरच्यांना दाखवू नये असं थोडंसं. मोबाइल मात्र कुठेच सापडला नाही.

भागीरथानं दार उघडलं. हेमराजची बायको. चाळिशीही गाठली नसेल, पण दोन-तीन महिन्यांत पार वाळून गेली होती. मुलीला तिनं नागभीडला मामाकडे ठेवलं होतं. अश्वजितला पाणी दिलं, पेटी दाखवली आणि स्वतः चौकटीला टेकून उभी राहिली, आत यायला तयार नाही. मागच्या आठवड्यात अवकाळी आला, वीज कडाडली, तेव्हापासून पेटीवर नुसता लाल दिवा आहे, असं तिनं सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बरं झालं बंद पडली ते."

अश्वजितला वाटलं, बाईचं दुःख बोलतंय. त्यानं लॅपटॉप काढला आणि पेटीच्या सेटिंगमध्ये जायला गेला, तर पेटीनं त्याचा वेगळा पासवर्ड मागितला. खालच्या चिकटपट्टीवरचा टाकला, चालेना. ठेकेदाराचा नेहमीचा टाकला, चालेना. हेमराजनं बदलला होता, आणि तो कोणता ते सोबत घेऊन गेला होता. मुलीचं नाव, गावाचं नाव, गाडीचा नंबर, सुचेल ते अश्वजितनं टाकून पाहिलं. शेवटी कंटाळून सुई काढली, मागच्या भोकात खुपसली आणि दाबून धरली. दिवे विझले, पुन्हा लागले. पेटी कोरी झाली, सगळं विसरली.

आता खरी पंचाईत पुढेच होती. झाडांवरचे कॅमेरे ओळखत होते फक्त नेटवर्कचं जुनं नाव आणि नेटवर्कचा जुना पासवर्ड. नवं काही टाकलं तर एकेका झाडाला शिडी लावून कॅमेरा उतरवावा लागणार, तोही त्या नाल्यापाशी. कोण जाणार? पण जुनंच नाव, जुनाच पासवर्ड अक्षर न चुकवता टाकला, तर सगळे कॅमेरे आपणहून घरी परतणार. नाव त्याला माहीत होतं. पासवर्ड भागीरथाच्या मोबाइलमध्ये साठलेला असणार, तिथून काढणं सोपं होतं. त्यानं मोबाइल मागितला.

भागीरथानं तो पदराखाली धरला आणि द्यायला तयार होईना. अश्वजितनं समजावलं, वैतागला, पुन्हा समजावलं. मग ती हळूहळू बोलू लागली. वाघानं नेलेल्या माणसाचं नाव पावसाळा लागेपर्यंत घ्यायचं नसतं, हे तिनं सांगितलं. तो माणूस वाघाच्या पाठीवर बसून फिरतो, घर विसरलेला असतो. नाव ऐकलं की त्याला घर आठवतं, मग तोच वाघाला वाट दाखवत आणतो. आख्ख्या गावानं तोंडाला कुलूप लावलं होतं. आणि ही पेटी मात्र रात्रंदिवस नाव घेत होती! रोज दिवेलागणीला कुत्री नाल्याच्या वाटेकडे तोंड करून रडायची, रोज या घराच्या थोडी आणखी जवळ येऊन. पेटी मेली आणि कुत्री गप्प झाली.

अश्वजित लहानपणापासून विहारात बसलेला, भूतखेत त्याच्या घरात कोणी मानलं नव्हतं. तरी बाईची थट्टा करावीशी त्याला वाटली नाही. तो म्हणाला, "मी नाव घेऊन नाई राह्यलो, बाई. लिहून राह्यलो फक्त."

"जंगलात कोन काय आयकते, तुमाले मालूम आहे का, भाऊ? मी तं ते जिते होते तवाबी कधी नाव नाई घेतलं त्यायचं."

तेवढ्यात बापूराव डोकावले. त्यांनी बाजू घेतली ती गावाची. उद्या पहाटे पन्नासेक बाया जंगलात जातील, त्यात गरोदर आहेत, म्हाताऱ्या आहेत, भोंगा नसेल तर त्यांचं काय, असं ते म्हणाले. त्या बायांत भागीरथाची जाऊही होती. तिनं मोबाइल पुढे केला आणि तोंड फिरवलं. काम झालं की भोंगा वाजवतो, असं अश्वजितनं सांगितलं, तेव्हा बापूराव देवळाकडे गेले.

पासवर्ड निघाला. इंग्रजी अक्षरांत, सलग लिहिलेला. लवकर घरी याजा. रोज सकाळी हेमराज कामाला निघाला की भागीरथा दारातून हेच म्हणायची, हे मोबाइल परत घेताना तिनंच सांगितलं. गड्यानं तेच कुलपाला लावलं होतं. अश्वजितनं ते शब्द दोनदा वाचले. पण हात थांबले नाहीत. त्यानं हेमराजचं नाव टाइप केलं, खाली ते शब्द टाकले आणि बटण दाबलं.

दिवा हिरवा झाला. लॅपटॉपवर यादी भरू लागली. तलाव आला. मसणवट आला. बऱ्याच वेळानं नाला आला. देवळावरून भोंग्यानं एकदा चाचणीची हाक दिली आणि गावात कुठेतरी टाळ्या पडल्या. अश्वजितनं सुस्कारा टाकला. ऊन उतरलं होतं. भिंतीबाहेर सागाची वाळली पानं एकमेकांवर घासत होती आणि मोहाचा आंबूस, गोड वास दारातून आत येत होता.

मग यादीत आणखी एक ओळ आली. हेमराज मोबाइल.

त्याला वाटलं, कोणाला तरी तो फोन सापडला असेल. पण सापडला तरी इतक्या दिवसांनी त्यात चार्जिंग कुठलं? ओळीपुढे सिग्नलची एकच बारीक कांडी होती, म्हणजे फोन लांब होता, पार नाल्याच्या टोकाला. त्यानं नाल्याचा कॅमेरा उघडला. वाट रिकामी. माणूस नाही, जनावर नाही. वाळल्या पानांचा सडा तेवढा पडलेला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्या सड्यातली पानं एका जागी दबली. मग थोडी पुढे दबली.

कांड्या दोन झाल्या.

बाहेर कुत्रं रडायला लागलं. भागीरथा चौकट सोडून आत आली, लॅपटॉपकडे पाहिलं, त्यातलं नाव तिला वाचता आलं. अश्वजितनं मसणवट उघडला. वाट रिकामी. भोंगा गप्प. कॅमेऱ्याला वाघ दिसला तर भोंगा वाजणार ना! कॅमेऱ्याला काहीच दिसत नव्हतं. कांड्या तीन झाल्या, आणि कुत्रं रडता रडता मध्येच तुटल्यासारखं थांबलं.

मग वास आला. मोहाचा वास कुठच्या कुठे गेला आणि खोलीभर भात शिजल्याचा वास पसरला, नव्या चिन्नोर तांदळाचा, सुवासिक, गरम. त्या भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं की चूल पेटलेली नसताना चिन्नोरचा वास आला तर पळायचं, कारण वाघ लघवी करून आपली हद्द आखतो तेव्हा असाच वास सुटतो. अश्वजितनं चुलीकडे पाहिलं, राख थंड होती.

भागीरथा मात्र भिंतीकडे पाहत पुटपुटली, "चिन्नोर लय आवडे त्यायले..."

"बाई, दार लावा..."

तिनं दार लावलं नाही. तिनं लोटा भरला आणि उंबऱ्याशी ठेवला, बाहेरून आलेल्या माणसाच्या पायांसाठी ठेवतात तसा. तिच्या चेहऱ्यावर भीतीच्या जोडीला दुसरंही काही होतं, आणि ते पाहून अश्वजित जास्त घाबरला. कांड्या भरत आल्या. त्यानं झेप घेतली, वायर उपटली, पेटी भिंतीवरून ओढून काढली. दिवे विझले. वास गेला. अंगणात कोणीच नव्हतं, पण लोट्यातलं पाणी अजून हलत होतं.

"आता काहाले बंद करता, भाऊ?" भागीरथा म्हणाली. "रस्ता तं दिसला त्यायले."

तो तिला चल म्हणाला, जावेकडे झोप म्हणाला, हातापाया पडला. ती हलली नाही. घर टाकून कुठी जाऊ, एवढंच म्हणत राहिली. पेटी बॅगेत कोंबून तो देवळाशी आला. बापूराव खुशीत होते. अश्वजितनं सांगितलं की पेटी बिघडली, सकाळी नवी आणतो, तोवर एकाही बाईला जाऊ देऊ नका, आणि भागीरथाबाईला एकटं ठेवू नका. "मंग आज रात्री भोंगा?" बापूरावांनी विचारलं. चालू ठेवला तर पेटी नाव घेणार, बंद ठेवला तर वाघ आल्याचं कोणाला कळणार नाही. त्यानं गाडीला किक मारली.

सकाळी बापूरावांचा फोन आला. त्यांनी भागीरथाच्या ओसरीवर दोन माणसं झोपवली होती. त्यांना आवाज नाही, चाहूल नाही, जाग नाही. दाराची कडी आतून काढलेली होती, कोणी हाक मारल्यावर काढावी तशी. उंबऱ्यावर लोटा रिकामा पडलेला. आत ताट वाढलेलं होतं, भात अर्धा खाल्लेला, आणि तिचा मोबाइल घरात नव्हता. भागीरथा नाल्याच्या अलीकडे सापडली. सगळी नाही सापडली.

अश्वजित दिवसभर कामाला गेला नाही. खाटेवर पडून राहिला. आपण पेटी चालू केली म्हणून ती गेली, की बंद केली म्हणून, याचा विचार करून डोकं बधिर झालं. दोन्ही बाजूंनी आपलाच हात. आईनं चहा दिला, तो तसाच निवला.

संध्याकाळी सवयीनं त्यानं मोबाइल उचलला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नेटवर्कच्या नावांत सगळ्यात वर हेमराजचं नाव होतं. पेटी कोपऱ्यातल्या बॅगेत होती, वायरीविना, मेलेली. त्यानं ती बाहेर काढून पाहिली. एकही दिवा नव्हता. पण काल काम करताना त्याच्याही मोबाइलनं तो पासवर्ड साठवून घेतला होता, आणि त्याला न विचारता मोबाइल जोडला गेला. त्यानं लॅपटॉप उघडला. यादीत तीन ओळी होत्या. एक त्याचा फोन. एक हेमराजचा. एक भागीरथाचा. शेवटच्या दोघांपुढे एक-एक बारीक कांडी होती, आणि तो पाहत असतानाच दोघांचीही दुसरी कांडी एकदम भरली.

त्यानं लॅपटॉप मिटला. मोबाइल बंद करून उशीखाली ढकलला. रस्त्यावरची कुत्री अजून गप्प होती. घरात चूल पेटलेली नव्हती. तेवढ्यात आई बाहेरून आत आली, दारात थांबली, आणि नाक वर करून म्हणाली, "काऊन रे अश्वजित, चिन्नोर कोनाच्या घरी शिजून राह्यला?"