एक बाटली, नऊ आंघोळी

"बाबूजी, आपल्या घरचं घासलेट कोन पिऊन राहिलं?"

ओसरीवर पाहुण्यांच्या कपबशा हवेतच थांबल्या! भैयाजीमामांच्या मिशीवरून चहा ओघळला. खांबाआड चुलतभाऊ सेवकराम आणि शेजारचा मुन्नालाल तोंड दाबून हसत होते. 'भर पाहुण्यांत विचारून दाखव!' अशी पैज त्यांनीच लावली होती, आणि रुख्माने खरंच विचारलं होतं!

"घासलेट कोनी पिते का वं पोरी?" तिचे बाबूजी, केवळराम, कडाडले. "तूच जाळून राहिली असशील! बाटली सरली का अभ्यास बंद, अन् शाळा पन!"

रुख्माचा चेहराच उतरला. महायुद्धाच्या लढाईमुळे घासलेट रेशनकार्डावर मिळायचं, महिन्याला एकच बाटली. सातवीच्या परीक्षेसाठी ती चिमणी लावायची ती फक्त तासभर! पण मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, आमगावला त्यांच्या घरी आठ पाहुणे आले, आणि तीन दिवसांत बाटलीत जेमतेम चार बोटं तेल उरलं.

"चोर घर में ही है!" मुन्नालाल कुजबुजला.

त्या संध्याकाळी चिमणी भरून झाल्यावर रुख्माने बाटलीवर कोळशाने रेघ ओढली. सकाळी उठून पाहिलं, तर तेल बरोबर रेघेवर!

"म्हंजे चोरी दिवसा होते!" सेवकरामचे डोळे विस्फारले.

तिघं अंगणात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाआड दडून बसले. समोरच आंघोळीच्या पाण्याची चूल होती. कार्तिकातली थंडी, भैयाजीमामा कुडकुडत आले, जाळ केला, आंघोळ उरकली. आणि जाता जाता चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. छुस्स!

"आता गा! हे काऊन विझवलं?" सेवकराम पुटपुटला.

मग दुसरे पाहुणे, शालीकरामकाका, आले. त्या पाण्याने भिजलेली लाकडं पेटेनात. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. शेवटी काका घरात गेले आणि बाटली घेऊन आले! लाकडांवर घासलेट ओतलं. भप्पकन जाळ! आंघोळ झाली, पुन्हा पाणी. छुस्स!

तिसऱ्याने तेच केलं. आणि चौथे? बाटली तिरपी करत होते तिचे स्वतःचे बाबूजी!

"बाबूजी! तुम्ही?" ती ढिगाआडून उसळून बाहेर आली. वेणीभर तणस!

केवळराम दचकले. "अवं, मीच सांगितलं होतं सगळ्याइले, आंघोळ झाली का चूल विझवा, लाकडं वाचतीन... अन् मी तं घोटभरच तेल ओततो..."

बोलता बोलता त्यांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. तळाशी फक्त दोन बोटं!

"लाकडं वाचवता वाचवता माही शाळा जाळून राहिले तुम्ही!" रुख्मा बाटलीकडे बोट दाखवत म्हणाली.

बाबूजींनी बाटलीला घट्ट बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी सूत्रं पोरांच्या हाती! कोरडी लाकडं, एकच जाळ, त्यावर एकामागून एक दोन हंडे उकळले. मोठ्या टोपल्यांत तणस कोंबून त्यात हंडे बसवले, वर झाकण आणि जाड पोती.

"तनसात पानी गरम राह्यते काय?" भैयाजीमामा खदखदले.

"आंब्याची अढी आतून कशी गरम लागते, मामाजी? घाला न हात!"

मामांनी ऐटीत हात घातला. "अरे बापरे!" पोळलेली बोटं तोंडात!

नववी, बाबूजींची आंघोळसुद्धा कढत पाण्याने झाली. घासलेटाचा थेंब लागला नाही!

"पोरगी हुशार निघाली, केवळराम!" शालीकरामकाकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "अन् आम्ही नऊ शहाणे!"

माय, म्हणजे नंदाबाई, पदराने डोळे टिपत हसत होती. केवळरामांनी बाटली रुख्माच्या हातात दिली. "उरलेलं तुहं. परीक्षेपर्यंत कोनी हात नाही लावनार."

रुख्माने बाटली छातीशी धरली आणि मान ताठ केली. "बाबूजी, माय, आयका! सातवी पास झाली का मी घरी बसनार नाही. गोंदियाले जाऊन पुढं शिकनार. अन् आता त्याच्यावर कोनी पानी ओतायचं नाही!"